चमचाभर कडू तेल

मित्रांनो, मी एक जुना लिंब आहे. शाळेत मला कडुलिंब म्हणतात. तीर्थपुरीहून तीन कोसांवर, सगुणाबाईच्या घरापुढे मी उभा आहे. माझे गुण तुम्ही पुस्तकात पाठ केलेच असतील. आज जे सांगणार आहे ते पुस्तकात नाही, म्हणून नीट ऐका.

कावळ्याने टाकलेल्या बीतून मी उगवलो. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. शेळ्यांनी दोनदा शेंडा खाल्ला, तरी वाढलो. जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी सगुणाबाईच्या माणसांनी मेंढरं घेऊन गावोगाव फिरणं सोडलं आणि माझ्या सावलीला घर बांधलं. त्या घराने मला रोज ओरबाडलं, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. दात घासायला माझी काडी. ज्वारीच्या कणगीत माझा वाळला पाला. गोवर निघालेल्या पोराच्या उशाशी माझा डहाळा. एका जाड फांदीची दाराची चौकट झाली, तिला अजून वाळवी शिवलेली नाही.

पण सगुणाबाईचा खरा जीव माझ्या निंबोळ्यांवर. खाली पडलेली एकही निंबोळी ती वाया जाऊ द्यायची नाही. चोळायची, वाळवायची, फोडायची. आतला गर उखळात कांडायचा, कोमट पाण्याचा हबका मारून मळायचा आणि मुठीत दाबायचा. बोटांच्या फटीतून तपकिरी, उग्र वासाचं तेल ठिबकायचं. मेंढराच्या खरजेला तेच, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला तेच. उरलेली पेंड कपाशीच्या बुडाला. डास पळावेत म्हणून ती शेजाऱ्यांनाही अंगाला लावायला द्यायची.

जीप चालवणारा भिवा एकदा म्हणाला, "मावशे, तुझं तेल लावल्यापून घरातलं कुत्रंबी जवळ येत न्हाई."

"मंग निवांत झोप की मुडद्या! डासबी येत न्हाईत अन् कुत्रंबी न्हाई."

एका वर्षी गावात एक पाहुणा भाषण करून गेला. लिंब म्हणजे दारातला दवाखाना, याचं पान औषध, फूल औषध, साल औषध, तेल औषध. टाळ्या पडल्या. मी फुगलो. आज त्या टाळ्या आठवल्या की लाज वाटते. अहो, मेंढराच्या कातडीवर लावायचं आणि लेकराच्या पोटात घालायचं, हे एकच कसं होईल? पाहुण्याने ते सांगितलं नाही. टाळ्या पिटणाऱ्या एकानेही विचारलं नाही. मोठ्या माणसांना विचारायची लाज वाटते, टाळ्या वाजवायची वाटत नाही.

१९९६चा आषाढ होता. सगुणाबाईचा मुलगा पुंजाराम आणि सून जयवंता. त्यांची लेक छकुली आठ महिन्यांची.

"आत्याबाई, हिचं पोट निस्तं टम्म झालंय," जयवंता म्हणाली. "डॉक्टरला दाखवावं का?"

"जंत असतेत. पाडव्याला लिंबाचा पाला गूळ घालून खातोच ना आपण? पाल्यापरीस तेल कडू. जल्दी गुण येईल."

"तेल? तान्ह्या लेकराला?"

"म्या चार पोरं वाढवली. तू खुरपायला जा."

आपण नको म्हटलंय म्हणजे सासू पाजणार नाही, असं धरून सून शेतात गेली. सगुणाबाईने बाटली काढली, छकुलीचं नाक धरलं आणि चमचाभर तेल घशाखाली उतरवलं. मी वरून बघत होतो. नको, नको म्हणत सगळी पानं हलवली. ती म्हणाली, "आज वारा चांगला सुटलाय."

मित्रांनो, झाडाला पाय नाहीत याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

घटकाभरात छकुली ओकली. मग पेंगायला लागली. मग तिचा श्वास असा चालू लागला, जसा पळून आलेल्या मेंढराचा. जयवंता दूध पाजायला परत आली तेव्हा लेकरू हातपाय ताठ करत होतं, डोळे वर गेले होते. तिने किंकाळी फोडली. पुंजाराम धावत आला. भिवाने जीप दारात आणली.

"काय खाल्लं हिनं?" भिवाने विचारलं.

सगुणाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. ती म्हणाली, "काईच न्हाई. नजर लागली असंल."

जीप निघाली. डॉक्टर विचारील तेव्हा काय सांगणार? आई-बापाला माहीत नाही, 'काईच न्हाई' हेच त्यांनी खरं धरलं. मला माहीत आहे, मी बोलू शकत नाही. जी बोलू शकते ती उंबऱ्यावर बसून आहे!

सगुणाबाई उठली. घरात गेली, बाटली घेऊन बाहेर आली आणि अनवाणी पळत सुटली. साठीची बाई. चिखलात पडली, उठली, बाटली सोडली नाही. पुढे नाल्याच्या पाण्यापाशी जीप मंदावली होती. तिची आरोळी मला इथे ऐकू आली. "थांबवा! म्या पाजलं! हे पाजलं!"

तिने बाटली दिली आणि जीप पाण्यातून पार गेली.

तीन दिवस कुणी आलं नाही. सगुणाबाईने चूल पेटवली नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती उठायची आणि मी थरथरायचो. चौथ्या दिवशी दुपारी भिवाची जीप आली. जयवंताच्या खांद्यावर छकुली होती. वाळलेली, पण रडत होती. तो रडण्याचा आवाज ऐकून मी सावरलो.

पुंजाराम मात्र खाली उतरला तो थेट कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे. पहिला घाव बसला. सगुणाबाई मध्ये आली.

"सरक माय! ह्या झाडानं माझी लेक खाल्ली असती."

"पाजलं म्या. जयवंता नको म्हणत व्हती, तिला गप केलं ते म्या. आन् दारात भिवानं विचारलं तव्हा खोटं बोल्ले ते बी म्याच. झाडाला कशाला तोडतो? माझ्यासंगं भांड."

पुंजाराम कुऱ्हाड टाकून आत गेला. जयवंता थांबली. म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर म्हणले, काय पोटात गेलं ते कळलं म्हणून बराबर इलाज करता आला." एवढंच म्हणाली. पण तेव्हापासून त्या घरात लेकराच्या तोंडात काही घालायच्या आधी जयवंताला विचारलं जातं, आणि विचारते ती सगुणाबाईच.

मित्रांनो, तो घाव भरला, वण राहिला. माझा पाला घ्या, काडी घ्या, पेंड घ्या, तेल मेंढराला लावा. पण मला देव करू नका. उपयोगी आहे म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही. कुठे चालत नाही, तेही माहीत करून घ्या. आणि कधी घरात कुणाच्या हातून असं घडलंच, तर मोठ्यांच्या भीतीने गप्प बसू नका. काय पोटात गेलं ते डॉक्टरला सांगा. आधी सांगा, मग रडा.