मोडलेल्या डावातला स्वार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडेस्वार आहे. गिरणीत कामाला असलेल्या सिद्धाप्पांनी मला सूत गुंडाळायच्या मोडक्या बॉबिनपासून कोरले. माझ्या घोड्याचे कान जरा गाढवाच्या वळणावर गेले, पण ते मी कधी मनाला लावून घेतले नाही. मराठ्यांच्या फौजेत होतो मी!

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सिद्धाप्पांच्या घरी दर रविवारी फरशीवर खडूने रणांगण आखले जाई. लढाई १८१८ सालची, आष्टीची. सिद्धाप्पा मराठे, त्यांचे मित्र विरुपाक्ष इंग्रज. खेळाचे नियम दोघांनी स्वतःच रचले होते आणि खेळून खेळून ते तपासत होते. तोफ किती लांब मारते, स्वार किती वीत धावतो, सगळ्यावर भांडण. सिद्धाप्पांची वीत मोठी, म्हणून मी फार पळायचो.

पुढे गिरणीतल्या धुळीने सिद्धाप्पांची छाती बिघडली. डोळे मिटण्याआधी नियम पुरे व्हावेत, एवढीच त्यांना आस होती. ते खाटेवरून चाल सांगत आणि त्यांची बायको नीलम्मा फासे टाकी.

एकदा तोफेने मला आडवे केले होते. नीलम्मा फाशांवरचे ठिपके कानडीत मोजत होती, "ऐदु, आरु, एळु!" कानडीत एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजे ऊठसुद्धा. विरुपाक्षांना वाटले, ती मलाच उठवते आहे. त्यांनी मुकाट्याने मला उभे केले.

"अण्णा, मी ठिपके मोजत होते की!" नीलम्मा म्हणाली.

सिद्धाप्पा खोकत खोकत हसले. "ऱ्हाऊ दे तसंच. सात पडले की स्वार उठंल. नियमच करू ह्यो."

तेव्हापासून नीलम्माला खेळाची लई गोडी लागली. स्वार कुठून घालायचे, हे ती नवऱ्याला सुचवू लागली. आणि एक डाव अर्ध्यावर असतानाच सिद्धाप्पा गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर विरुपाक्ष आले. फरशीवरचा डाव तसाच होता. नीलम्मा केर काढतानाही आम्हाला वळसा घालायची. विरुपाक्ष खाली बसले, रडले, आणि आम्हाला एकेक करून डब्यात भरू लागले.

"अण्णा, चाल आमची हाय," नीलम्मा हळूच म्हणाली. "नियम पुरे व्हायचेत अजून."

"न्हाय गं. आता कुणासंगं खेळायचं?" विरुपाक्ष डोळे पुसत म्हणाले.

ती समोरच बसली होती.

मित्रांनो, त्यांचे दुःख खरे होते. पण त्या दुःखात ती त्यांना दिसलीच नाही. आमचा डबा त्यांच्या माळ्यावर गेला, तो आजपर्यंत तिथेच आहे. मला वाळवी लागली आहे, तिचे मला फारसे काही नाही. तुम्ही मात्र, समोर कुणी खेळायला बसले असेल, तर डाव आवरू नका. त्या दिवशी नीलम्मा हातात फासे घेऊन दारापर्यंत आली होती. विरुपाक्षांनी तेही मागून घेतले.