तहानलेली रांग

नाथा म्हात्रे कारखान्यात कामगारांची हजेरी मांडणारे टाइमकीपर होते, त्यामुळे नोकरीत त्यांना कुणावर दया करायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर साठलेली सगळी दया त्यांनी गच्चीवर काढली.

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या त्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांच्या लेकीने, हिमानीने, पीएचडीसाठी अश्वगंधेच्या कुंड्यांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. एकीला रोज पाणी, दुसरीला थेंबही नाही. तहानेने कासावीस झालेलं झाड औषधी द्रव्यं जास्त बनवतं का, हे तिला बघायचं होतं. पानं लॅबमध्ये नेली की मशीन त्यातल्या शेकडो रसायनांची हजेरी घेई. याला मेटाबोलॉमिक्स म्हणतात. शेजाऱ्यांना सांगता यावं म्हणून नाथांनी तो शब्द पाठ केला होता.

निकाल आला त्या संध्याकाळी हिमानी लॅपटॉपपुढे डोकं धरून बसली.

"दोन्ही रांगा सेम टू सेम, पप्पा. कोरड्या रांगेला तहान लागलीच नाही."

"बरं झालं की," नाथा म्हणाले.

हिमानीने त्यांच्याकडे बघितलं. नाथांनी पंख्याकडे बघितलं.

"पाणी घातलंत तुम्ही?"

"थोडंसंच. तू लॅबला गेलीस की. माना टाकून उभी होती गं. शेजारच्या रांगेला मिळतंय, आपल्याला नाही, काय वाटत असेल त्यांना?"

"मला उभ्या जन्मात पाण्याचा ग्लास दिला नाही या माणसाने," स्वयंपाकघरातून सरूताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली. "मीपण कुंडीत जाऊन बसते."

हिमानी हसली नाही. "पुन्हा रोपं वाढवायची. ही फेरीपण फसली तर मुदतवाढ नाही, सरांनी सांगून ठेवलंय." ती ओरडली असती तर नाथांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या फेरीला कोरड्या रांगेचा पहारा नाथांनी स्वतःहून मागून घेतला. पानं आकसू लागली तसं त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी त्यांनी दबकत विचारलं, "यांच्याशी बोललं तर रिझल्टला धक्का लागेल का?"

हिमानीने विचार केला. "दोन्ही रांगांशी सारखं बोलायचं."

मग ते घड्याळ लावून बोलत. ओल्या रांगेशी सोसायटीच्या मीटिंगबद्दल. कोरड्या रांगेपुढे मात्र स्टूल ओढून बसत. "पोरीचं शिक्षण अडकलंय रे. थोडी कळ काढा."

पानं खुडायच्या दिवशी हिमानीने ती गोठवायला गार वाफा सोडणाऱ्या डब्यात टाकली. "झालं पप्पा, आता द्या पाणी."

"नक्की? सरांना विचार एकदा."

तिने स्वतःच बादली भरून आणली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

निकाल आल्यावर तिने लॅबमधूनच फोन केला. "पप्पा, जमलं. द्रव्यं ओल्या रांगेपेक्षा कितीतरी जास्त सापडली. कोरड्या रांगेला तहान लागली होती, चांगलीच."

"ठाऊक आहे मला," नाथा म्हणाले. "मी शेजारीच बसलो होतो."