चादरीचं दुसरं टोक

जावाजावांचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी या लाँड्रीत एकदा डोकावून जायला हवं होतं. हॉटेलांच्या भल्यामोठ्या चादरी धुऊन, वाळून यायच्या, आणि थोरली नि धाकटी दोन टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. त्या कामाला दोघींनी एक खेळ जोडला होता. थोरलीनं आपल्या टोकाकडून कवितेची एक ओळ टाकायची, आणि चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडेपर्यंत धाकटीनं दुसरी जुळवायची. निम्म्या ओळी तिथंच इस्त्री करणाऱ्या त्यांच्या नवऱ्यांची खोडी काढणाऱ्याच असायच्या. ते बिचारे ऐकून घ्यायचे.

मग धाकटीला मुलगी झाली आणि तिच्या ओळी आटल्या. बाळंतपण सुखरूप, पोर गोंडस, आणि आई मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. कामावर येऊ लागली तीही नुसती हातापायांनी. पोरीला पाजलं की लगेच कुणाच्या तरी हातात द्यायची. थोरलीचा जीव तीळतीळ तुटायचा. ही आपल्या डोळ्यांदेखत निसटत चाललीय, हे तिला दिसत होतं आणि धरावं कसं ते कळत नव्हतं.

थोरली देवभोळी आणि बडबडी, त्यामुळे प्रत्येक दुखण्यावर तिचे हे दोनच उपाय. "देवाचं नाव घे, बरं वाटेल," हे उठता-बसता चालूच. डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तिथंही त्यांनी धाकटीला विचारलं, "झोप लागते का?" आणि उत्तर दिलं थोरलीनं, "लागते की. जरा थकलीय, एवढंच." बाईंनी टॉनिक लिहून दिलं. चादरींचंही तेच. धाकटी गप्प राहिली की दुसरी ओळ थोरलीच म्हणून मोकळी व्हायची, आणि त्यात हमखास देवाची कृपा असायची. मनात माया होती हो, पण तोंडाला लगाम नव्हता.

एके दिवशी तिनं सुरुवात केली, "लेकरू रडतं, सगळे धावतात..." आणि पुढे देवाला आणणार, तोच तिला खोकल्याची उबळ आली. अशी आली की डोळ्यांतून पाणी. दोघी कोपरे धरून समोरासमोर उभ्या. खोकला जरा ओसरला तेव्हा धाकटी हळूच म्हणाली,

"माझेच पाय तेवढे मागे राहतात."

थोरलीच्या जिभेवर 'देव बघतोय गं' आलं होतं. ते तिनं गिळलं.

"कधीपासून असं?"

"ती झाल्यापासून. ताई, मला तिच्याबद्दल काही वाटतच नाही. आणि तुम्ही देवाचं नाव घे म्हणता. मला त्याचा रागच येतो."

"मग भांड ना त्याच्याशी. हात मी जोडते, तुझ्या वाटचेसुद्धा." थोरलीनं पुढची चादर उचलली. "देवा, तुझं बरं, वरती बसायचं..."

"खाली आम्ही किती सोसायचं?" धाकटीनं लगेच जुळवलं, आणि तिथंच चादरीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. नवऱ्यांनी इस्त्र्या बंद केल्या. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "घाई नाही, सुरुवातीपासून सांगा," बाई म्हणाल्या. धाकटीला 'मी' म्हणून बोलताच येईना. मग तिनं गोष्टच सांगायला घेतली. एक बाई होती, चादरींच्या घड्या घालायची. तिला एक मुलगी झाली. मुलगी रडली की त्या बाईला वाटायचं, आपण दगड आहोत. थोरली शेजारी ओठ घट्ट मिटून बसली होती. जन्मात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

"त्या बाईला कधी मरून जावंसं वाटतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

'छे हो, भलतंच काय,' हे शब्द थोरलीच्या ओठांशी येऊन थडकले. तिनं ते दातांखाली दाबून धरले आणि मनातल्या मनात देवाला विनवलं, नाही म्हणू दे, एवढं नाही म्हणू दे.

"हो," धाकटी म्हणाली. "मला वाटतं."

थोरलीनं धाकटीचा हात हातात घेतला. ज्या देवाकडे ती 'नाही' मागत होती, त्याचेच तिनं त्या 'हो'साठी आभार मानले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, आणि धाकटी पुढचं सांगू लागली.