महागड्या गवंड्याचे उपकार

स्वस्तात काम करून दिलं म्हणून आभार मानणारे पुष्कळ भेटतात. मी मात्र ज्यांनी आम्हाला अजिबात न परवडणारा भाव सांगितला, त्या हौशीराम गवंड्यांचे आभार मानायला परवा तांदळाची पिशवी घेऊन त्यांच्या गावी, बेडशाला गेले होते. नवरा म्हणाला, लोक हसतील. हसू देत.

गोष्ट एकवीस सालची. लॉकडाऊन उठला आणि मुंबईची माणसं लॅपटॉप घेऊन आमच्या कुरवंड्यात मुक्कामाला येऊ लागली. आमच्या दोन खोल्यांच्या होमस्टेला एक दिवस उसंत नव्हती. रिझर्व्ह बँकेने व्याजदर खाली आणून ठेवले होते, सरकारने मुद्रांक शुल्क उतरवून पाहिलं होतं, आणि बँकेतला एक साहेब तर स्वतःच फोन करून सांगायचा की इतकं स्वस्त कर्ज पुन्हा मिळायचं नाही. नागफणीच्या डोंगराच्या बाजूला जिकडे बघावं तिकडे पाया खणलेला. निलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आठ खोल्या आणि पोहण्याच्या टाकीचा नकाशा काढून आणला. मी पडद्यांचे रंगही ठरवून टाकले.

तारण काय, तर सासूबाईंच्या नावावरचं भाताचं खाचर. घरात तेवढीच जमीन उरली आहे आणि तिच्यातल्या इंद्रायणी तांदळावर आमचं वर्ष निघतं. सरुबाई म्हणजे माझ्या सासूबाई पोराला नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. "तुजं भलं व्हत आसंल तर करते सही," एवढंच म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी कितीतरी वेळ एकट्याच बांधावर बसून राहिल्या.

राहिला होता गवंडी. आमचं राहतं घर हौशीरामभाऊंनीच बांधलेलं, म्हणजे घरचाच माणूस. ते आले, जागा फिरून पाहिली, दोन कप चहा प्यायले आणि भाव सांगितला. आमच्या घराच्या वेळच्या दुप्पट. वर निम्मे पैसे आगाऊ, आणि काम पुढच्या दिवाळीनंतर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ओळखीच्या माणसाला लुटताना चहा तरी कसा उतरला घशाखाली, असं मी तोंडावर सुनावलं. त्यांनी शांतपणे टेप गुंडाळली.

"वैनी, परवडत न्हाई तर नगा करू," म्हणाले, आणि गेले.

निलेश मग कामशेत, वडगाव सगळं पालथं घालून आला. सगळीकडे तीच गत. गवंडी होते तेवढेच, आणि प्रत्येकाने तीन-तीन ठिकाणी शब्द दिलेला. वीट महाग, वाळू महाग, सेंट्रिंगवाला फोन उचलेना. त्या भावात बांधलं असतं तर आठही खोल्या वर्षभर भरूनसुद्धा हप्ता निघाला नसता. निलेशने नकाशा घडी करून कपाटावर टाकला, सासूबाईंची सही राहून गेली, आणि मी तो अख्खा पावसाळा हौशीरामभाऊंच्या नावाने बोटं मोडली.

पुढच्या वर्षी व्याज चढायला लागलं. ऑफिसांनी आपापली माणसं परत बोलावली. पाहुणे उरले शनिवार-रविवारचे, आणि त्यांना ओढायला गावभर नव्या खोल्या. खालच्या वळणावरचा बंगला पहिल्या मजल्यावरच थांबला. त्याच्या सळया अजून आकाशाकडे बघतायत आणि फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी आहे. जाता-येता ती पाटी दिसली की मी मान फिरवते. आम्ही बांधलं असतं तर तिथे आमचं नाव असतं आणि खाचरावर बँकेचं.

निलेश म्हणतो, नशीब. मी म्हणते, नशीब कसलं? व्याज हीसुद्धा किंमतच. ती वरून दाबून धरली की सगळ्यांना एकदमच वाटतं, पुष्कळ आहे, बांधा. पण पत्रावळ्या दुप्पट मांडल्या म्हणून भात दुप्पट होत नाही. हे आम्हाला बँकेने सांगितलं नाही, सरकारने सांगितलं नाही. हौशीरामभाऊंच्या त्या महागड्या भावाने सांगितलं, कारण तो भाव कुणी वर बसून ठरवलेला नव्हता.

बेडशाला त्यांच्या अंगणात बसून मी हे सगळं बोलले. बोलता बोलता डोळे भरून आले. म्हटलं, भाऊ, तुमच्यामुळे आमचं खाचर राहिलं.

ते जरा अवघडले. "वैनी, उगा मोठेपणा देऊ नगा. मला कुटं काय कळत व्हतं? समदे द्याया तयार व्हते, म्हून मागितलं. लोभ सुटला व्हता, दुसरं काय." मग कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या मिक्सरकडे हात केला. "त्याच लोभात ह्ये घेतलं. कर्जावर."

मिक्सरमध्ये कोंबडी अंड्यावर बसली होती. आम्ही दोघंही हसलो. माझ्यावरचे त्यांचे उपकार काही त्याने कमी झाले नाहीत. त्यांनी आमचं भलं करायचं म्हणून भाव सांगितला नव्हता, पण तो खरा होता, आणि त्या वर्षी आम्हाला खरं सांगणारं दुसरं काही नव्हतं.

मग कामाचं काढलं. एक खोली बांधायची आहे, कर्ज न काढता, साठवलेल्या पैशातून. पाहुण्यांसाठी नाही, सासूबाईंसाठी. खिडकी खाचराकडे हवी, म्हणजे पडल्या पडल्या भात दिसेल.

हौशीरामभाऊंनी पटकन एक आकडा सांगितला. मजुरीसुद्धा निघणार नाही असा. "तुमच्याकडनं काय घ्यायचं?" म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "भाऊ, गोड बोलणारे त्या वर्षी पुष्कळ होते. मला खरा भाव सांगा."

त्यांनी खोलीची मापं पुन्हा विचारली, बोटांवर काहीतरी जुळवलं आणि नवा आकडा सांगितला. मला तो महाग वाटला. मी अर्धा तास भांडले, ते रुपयाने खाली आले नाहीत.

माझा जीव शांत झाला. सोमवारी या म्हटलं, आणि सासूबाईंच्या खाचरातला तांदूळ त्यांच्या ओटीवर ठेवून मी निघाले.