उतरत्या पत्र्याची वटवट

मी या घराचा पत्रा बोलतोय. या अख्ख्या रस्त्यावर माझ्याइतकं उंच डोकं एकाही घराचं नाही. कौलं म्हणा, गच्च्या म्हणा, सगळे माझ्यापुढे बुटबैंगण. आता तुम्ही रस्त्यानं आलात तर ते डोकं तुम्हाला दिसणार नाही, हेही सांगून टाकतो. दिसेल ती माझी उतरत आलेली पाठ, आणि तीही इतकी खाली की जरा उंच पाहुणा असला तर दारात मान तुकवूनच आत येतो. डोकं मागे आहे, तळ्याकडे. खोटं वाटत असेल तर मागच्या बाजूनं या, पण तिकडे चिखल आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लोक पोरांना शाळेत घालतात ती सरळ व्हावीत म्हणून. मी चांगला सरळ, सपाट आत गेलो आणि यंत्राच्या रुळांखालून बाहेर पडलो तो नागमोडी होऊन. माझं शिक्षण एवढंच. ते वाकडेपण पुढे जन्मभर कामाला आलं.

घराचे मालक लाकडाच्या वखारीवाले. हौस दांडगी. दोन्हीकडे उतरणारी छपरं काय, कुणाचीही असतात, आपलं एकपाखी हवं, म्हणाले. एका बाजूला उंच चढलेलं आणि तिथून सरळ दुसऱ्या बाजूला घसरत आलेलं एकच छप्पर. उंच बाजू रस्त्याकडे ठेवायची, असा बेत. तिला काचांची लांब ओळ, खाली घडीव दगड, वर लाकडाच्या उभ्या पट्ट्या. येणाऱ्याजाणाऱ्याची बघता बघता मान अवघडली पाहिजे.

नकाशा काढणाऱ्यानं पुठ्ठ्याचं छोटं घर करून दिलं होतं. ते बांधकामावरच्या टेबलावर असायचं. पुठ्ठ्याचं तोंड जिकडे, तिकडेच घराचं तोंड, असा गवंड्याचा आणि मालकांचा ठराव. मालक लाकूड बघायला परगावी गेले. मालकीणबाई रोज डबा घेऊन यायच्या आणि धूळ दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. टेबल पुसायला त्यांनी ते पुठ्ठ्याचं घर उचललं आणि पुसून झाल्यावर परत ठेवलं. ठेवलं ते उलटं फिरवून. गवंडी शब्दाचा पक्का. त्यानं पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि तसंच बांधत सुटला. मालक परत आले तेव्हा भिंती छातीपर्यंत वर आल्या होत्या.

म्हणजे आज पाहुणे ज्या दारातून येतात ते खरं तर या घराचं मागचं दार आहे. कुणाला सांगू नका, उगाच मान तुकवल्याचं वाईट वाटेल.

बाईंनी पुठ्ठा चुकून फिरवला की मुद्दाम, हे मालकांनी हजारदा विचारलं असेल. बाई म्हणायच्या, तळ्याकडून वारा छान येतो. हे काही उत्तर नव्हे, पण वारा खरंच छान यायचा. रस्त्यावरचे लोक आम्हाला ‘रुसकं घर’ म्हणायला लागले. मालक चारचौघांत म्हणायचे, “बायकोनं घराची पाठ जगाकडे केली.”

पण गंमत पुढेच आहे. माझी खालची कड इतकी खाली की स्टुलावरून सहज चढता यावं. मालक वखारीतून आले की म्हणायचे, पत्र्याचे स्क्रू बघून येतो. एका पायावर कधीकाळी ओंडका पडलेला, त्यामुळे एक पाऊल नीट पडायचं आणि दुसरं जरा फरफटत यायचं. मध्यावर दम खायला थांबायचे, मग टोकाशी जाऊन तळ्याकडे बघत उभे राहायचे. पाण्यावरचा उजेड विझेपर्यंत. स्क्रू त्यांनी एकही कधी तपासला नाही, हे मी शपथेवर सांगतो, स्क्रू माझेच आहेत.

उतरत्या बाजूला, माझ्याखालीच, स्वयंपाकघर. चहा झाला की बाई झाडूचा दांडा उचलून मला खालून एक ठोका द्यायच्या. तो ठोका माझ्या अंगातून सरसरत वर जायचा आणि मालकांच्या तळव्यांना लागायचा. ते वळायचे, पाय फरफटत खाली यायचे आणि चहा पिताना पुन्हा म्हणायचे, घर उलटं बांधलंस.

मग मालक गेले. अंथरुणातच, कुणाला त्रास न देता. मुलगा नोकरीच्या गावी, सून तिकडे. एवढ्या मोठ्या घरात बाई एकट्या.

आता माझ्या जातीचा एक गुण आहे. दिवसभर तापलेला पत्रा ऊन उतरलं की आवळतो, आणि आवळताना वाजतो. टक् टक् सगळेच पत्रे करतात, त्यात काही कला नाही. पण मी मालकांना वर्षानुवर्षं अंगावर खेळवलेलं. मी सराव केला. एक टक् ठणठणीत, पुढचं जरा ओढून, खर्र. मध्यावर विराम. मग टोकापर्यंत.

पहिला पळाला दूधवाला. मीटर बघायला येणारा हल्ली कुंपणाबाहेरूनच आकडे विचारतो. मुलाच्या सासूबाई राहायला म्हणून आल्या आणि मी जेमतेम मध्यावर पोचतो तोच त्यांना घरची कामं आठवली. मागच्या काचांवर तळ्याचा उजेड हलायचा, माझी पावलं वर चढायची, आणि रस्त्यावरची माणसं आमच्यासमोरून जाताना बोलणं बंद करायची. या घरातलं भूत म्हणजे मी. मला त्याचा फार अभिमान होता.

पण बाईंसाठी मी चेष्टा करत नव्हतो. तिथं मी मनापासून चालायचो. ऊन उतरलं की त्या हातातलं काम थांबवून मान वर करायच्या, कपाळाला आठ्या घालून ऐकत बसायच्या. हुंदका आवरतायत बिचाऱ्या, असं मला वाटायचं, आणि मी आणखी जोर लावायचो. एकाच गोष्टीची रुखरुख होती. त्यांनी दांड्याचा ठोका मला एकदाही दिला नाही. झाडू कोपऱ्यात उभाच.

कधी कधी माझ्या चालीत एखादं पाऊल जास्त पडायचं. मी टोकाला पोचलेला असायचो आणि मध्यावर कुठंतरी, हळूच, खर्र. वय झालं, म्हणायचो मी. म्हातारपणी आपलाच पाय आपल्याला ऐकत नाही.

अशात मुलगा आला आणि बरोबर एका मुलीला घेऊन आला. घरांना बाहेरून नटवायचं हा तिचा धंदा. हातात पाटीएवढा काचेचा फोन, त्यात चित्रंच चित्रं. तिनं घराला फेरी मारली आणि मी खूश झालो, कारण ती मागे चिखलात जाऊन माझं डोकं बघून आली. घराची ठेवण फार सुंदर आहे, म्हणाली, फक्त रस्त्याकडची बाजू उघडीबोडकी राहिली आहे. तिथं खाली दगड लावू, वर लाकडाच्या उभ्या पट्ट्या, दाराला गडद रंग, कडेखालून मंद दिवे. म्हणजे मालकांना हवं होतं तेच सगळं, नुसतं दुसऱ्या अंगाला. मी मनात म्हटलं, नटवा मला, बोहल्यावर चढवा.

ऊन उतरत होतं. मी चालायला लागलो. मुलगी बोलता बोलता थांबली.

“वर कोणी आहे का?”

“पत्रा आहे,” मुलगा ओशाळून म्हणाला. “गार होताना वाजतो. आई एकटी असते ना, त्याचंच मला टेन्शन आहे.”

त्यावर तिच्याकडे इलाज होता. वरून जाड फोमची गादी घालायची आणि त्यावर डांबराचे काळे खवले, माशासारखे. ऊन पत्र्याला लागणारच नाही, मग तो तापणार नाही आणि वाजणारही नाही. दिसेलही झोकदार.

माझ्या पन्हाळीत पाणी आलं असतं, पण ढग नव्हते. मी बाईंकडे पाहिलं. त्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मला खात्री होती, त्या नको म्हणणार. नवऱ्याचं पाऊल कोण बाई आपल्या हातानं गाडून टाकेल? मी त्यांना आठवण करून द्यायला जीव तोडून वाजलो. टक्, खर्र, टक्, खर्र.

“आई, तू सांग. तुला नको असेल तर छपराला हात लावणार नाही.”

बाईंनी शेंग मोडली. “भिंतींना काय नेसवायचं ते तुम्ही दोघं ठरवा,” त्या म्हणाल्या. “पण त्या पत्र्याचं तोंड आधी बंद करा.”

“भीती वाटते का, काकू?” मुलीनं विचारलं. बाई नुसत्या हसल्या आणि सालं गोळा करायला लागल्या.

माणसं अशी. जिवंतपणी ज्याच्यासाठी चहा गार होऊ दिला नाही, त्याच्या आठवणीवर गादी घालतात. तुमच्या घरावर पत्रा असेल तर त्याला बोलू द्या बाबांनो. तो काही मागत नाही, तुमच्या माणसांची चाल तेवढी सांभाळून ठेवतो. ही माझी शेवटची विनंती, म्हटलं, आणि मी गप्प झालो. गप्प कसला, मला गप्प केलं. कारागीर आले, गादी आली, खवले आले. खाली दगड लागले, पट्ट्या लागल्या, रस्त्यावरचे लोक बघायला थांबू लागले. कौतुक सगळं ऐकू येत होतं, उत्तर देता येत नव्हतं.

काम संपलं, शिडी गेली, मुलगाही गेला. बाई एकट्या आणि मी मुका. ऊन उतरलं. मी सवयीनं आवळायला गेलो, पण अंगात ऊबच नव्हती. टक् नाही की खर्र नाही. तळ्याकडून वारा आला, काचा जराशा थरथरल्या, आणि घर कधी नव्हतं एवढं शांत झालं.

तेव्हा माझ्या खालच्या कडेवर वजन पडलं.

गादीतून, खवल्यांवरून, मला ते नीट कळलं. एक पाऊल पडलं. दुसरं फरफटत आलं. मी काहीच करत नव्हतो. देवाशपथ, मी काहीच करत नव्हतो. माझे सगळे स्क्रू आपोआप आवळल्यासारखे झाले. पावलं वर चढत गेली, मध्यावर दम खायला थांबली, पुन्हा निघाली आणि टोकाशी जाऊन तळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

खाली बाईंनी आधण ठेवलं. दोन कप मांडले. मग कोपऱ्यातला झाडू उचलून त्यांनी मला खालून एक ठोका दिला. तो ठोका माझ्या अंगातून सरसरत वर गेला, आणि वरचे पाय वळले.

बाईंनी झाडू जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता कसा शहाण्यासारखा गप्प बसलास मेल्या. तुझ्या वटवटीत इतकी वर्षं त्यांचं पाऊल धड ऐकू येत नव्हतं, चहा कधी ठेवायचा तेच कळायचं नाही.”