बासष्ट अमावास्या

पुढच्या वर्षाच्या नेमणुकीसाठी बायोडेटा एका पानात बसवा, असं ऑफिसातला कारकून कारभारी सांगून गेला. प्रमोदिनीनं पंख्याचं बटण दाबलं आणि छापील नमुना पुढं ओढला. सत्तावीस मे, सोमवार. सकाळचे अकराच वाजले होते, पण तिला दिवस कलल्यासारखं वाटत होतं.

नमुन्यात तीन रकाने होते. शैक्षणिक पात्रतेचा लवकर भरला. बी.ई. स्थापत्य, प्रथम श्रेणी. पुढं नोकरी सांभाळून एम.ई., जलसंपदा. तिचे वडील कन्नडला भिक्षुकी करत. "मी आयुष्यभर लोकांच्या घरांची वास्तुशांत केली, तू निदान घर बांधायला शीक," असं म्हणून त्यांनीच तिला स्थापत्यला घातलं होतं. सगळ्या प्रमाणपत्रांवर गावाचं नाव औरंगाबाद होतं आणि कागदाच्या माथ्यावर आता छत्रपती संभाजीनगर लिहायचं होतं. तेही तिनं लिहिलं.

दुसरा रकाना अध्यापनाचा. एकोणीस वर्षं, एकच महाविद्यालय, शेंद्र्याच्या रस्त्याला. पण सलग एकोणीस म्हणायची सोय नव्हती. दर वर्षी एकतीस मेला सेवा संपायची आणि दोन जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर निघायची. मधला एक जून हा खंड. त्या दिवशी हजेरीपटावर सही करायची नाही. कारभारी आदल्या दिवशी हळूच सांगायचा, "मॅडम, उद्या सही नका करू, पण पेपरला सुपरव्हिजन हाय, तेवढं या." आणि ती जायची. अठरा वर्षं गेली होती. कागदावर त्या अठरा दिवशी ती कुठंच नव्हती.

तिसरा रकाना संशोधनाचा, आणि तिथंच पेन थांबलं. पीएच.डी.ची नोंदणी दोनदा वाढवून झाली होती. शुक्रवारी, एकतीस मेला, प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द. आणि ज्यांचा प्रबंध गेला नाही त्यांना दोन जूनची ऑर्डर नाही, हे प्राचार्यांनी बैठकीत दोनदा वाचून दाखवलं होतं. देवगावच्या विहिरीच्या पाणीपातळीवरचा हा प्रबंध मात्र तयार होता. चार प्रती छापून, मार्गदर्शकांची सही घेऊन कपाटात ठेवल्या होत्या. बांधायला टाकायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. गुरुवारच्या दत्ताच्या उपासाला तिनं मनात म्हणूनही ठेवलं होतं, एवढं उद्यापन पार पडू दे महाराज.

"मॅडम, एक मिनिट. ये देखो."

वहिदा लॅपटॉप घेऊन आली. ती गणित शिकवायची, आणि प्रमोदिनीच्या प्रबंधातले आलेख तिनंच काढून दिले होते. प्रबंध दिल्यावर पुढं करायच्या सादरीकरणासाठी ती तेच आलेख मोठे करत होती.

"देवगावच्या विहिरीचा आलेख आहे. छोटा होता तेव्हा कळलं नाही. आता मोठा केला तर हर महिने में एक सीढी बन रई. उन्हाळ्यात पाणी रोज दोन-तीन इंच उतरतंय ना? मग मधेच एक दिवस थांबतं, दुसऱ्या दिवशी एकदम दुप्पट उतरतं. दर महिन्याला. किसी का मोटर-बिटर?"

"मोटर नाही तिथं. तारखा काय आहेत?"

"दोन हजार एकोणीसच्या घ्या. सहा मार्च. पाच एप्रिल. चार मे." वहिदा थबकली. "चार मे? उस साल रोजे सात तारखेला सुरू झाले. चांदरातीच्या दोन दिवस आधी. मॅडम, हा तर चांदाचा हिसाब दिसतोय."

प्रमोदिनीला पंचांग काढावं लागलं नाही. ज्या बाईचे महिन्यातले अर्धे दिवस तिथींनी बांधलेले असतात तिला चंद्र दिसण्याच्या दोन दिवस आधी काय असतं ते विचारावं लागत नाही. तिनं लॅपटॉप ओढून आकडे एकेक करून चाळले. पाच वर्षांच्या एक हजार आठशे सव्वीस नोंदी. त्यांतल्या बासष्ट अमावास्या. बासष्टही दिवशी आदल्या दिवसाचाच आकडा होता.

"सारजाबाई," ती एवढंच म्हणाली.

*

मंगळवारी सकाळची एस.टी. पकडून ती देवगाव रंगारीला गेली. सारजाबाईचं घर विहिरीला लागून होतं, म्हणूनच तर साडेसहा वर्षांपूर्वी तिला हे काम दिलं होतं. चौथी शिकलेली, आकडे वाचता येणारी, एकटी बाई. रोज सकाळी सातला वजन लावलेली टेप विहिरीत सोडायची, काठापासून पाणी किती खाली ते फूट-इंचात वहीत लिहायचं. टाळेबंदीत एस.टी. बंद होत्या तेव्हा तिनं महिनोन्‌महिने फोनवरून आकडे सांगितले होते.

"या ताई, बसा. भाकर खाता का?" सारजाबाई सूप बाजूला ठेवत म्हणाली. "तोंड कामून उतरलंय?"

"सारजाबाई, अमावास्येला तुम्ही टेप सोडत नव्हता?"

"अवसंला?" तिला प्रश्नच कळला नाही. "अवसंला हिरीत डोकवत असतेत व्हय? भटाची लेक तुमी, तुमाला म्या सांगू?"

"मग वहीत आकडा कसा आहे?"

"आदल्या दिसाचा लिवला."

"का पण? मोकळं सोडायचं होतं ना!"

सारजाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमीच म्हन्लां की. पयल्या दिशी. हितंच बसून. 'सारजाबाई, हे व्रत समजा. एक दिस बी खंड पडू द्यायचा नाय. खंड पडला की समदं वाया.' म्हन्लां का नाय?"

म्हणाली होती. शब्द न् शब्द तिचाच होता. शास्त्राच्या भाषेत काय सांगायचं ते त्या दिवशी सुचलं नाही, म्हणून तिला जी भाषा येत होती आणि या बाईलाही कळेल असं वाटलं, ती तिनं वापरली होती. आणि सारजाबाईनं व्रतच धरलं. व्रत मोडता येत नाही, अवसंला विहिरीत बघता येत नाही. दोन्ही सांभाळायचं तर एवढी एकच वाट होती.

"दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यायचं," प्रमोदिनी म्हणाली, पण बोलण्यात जोर नव्हता.

"दुसरं कोन येतंय? शेजारच्या आशाबाईला म्हन्लं व्हतं एकदा. ती म्हन्ती, 'तुझी मॅडम येड लागल्यावानी पानी मोजती, तू बी लागली का नादी?'" सारजाबाई हसली, मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मंग माजी पाच वरसं वाया गेली का, ताई? लबाड नाय ओ मी. पाऊस बघितला नाय, ताप बघितला नाय."

"वाया नाही गेली. सतराशे चौसष्ट दिवस खरे आहेत तुमचे."

"मोजले तुमी?"

"मोजले."

भाकरी खाऊन ती परत निघाली. निघताना सवयीनं विहिरीशी गेली, काठावर हात टेकून उभी राहिली. पाणी फार खाली होतं, डबक्याएवढं.

*

बुधवारी ती मधुसूदन सरांकडं गेली. बी.ई.ला त्यांनीच शिकवलेलं. आता तेच मार्गदर्शक. निवृत्तीला सहा महिने उरले होते. गुडघ्यांना पट्टे बांधून आरामखुर्चीत बसले होते. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बासष्टच ना? अठराशेमधे बासष्ट. निष्कर्षाला ढिम्म फरक पडणार नाही, तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे, सर."

"परीक्षक एवढं बारीक बघणार नाही. मी नाही बघितलं, तो काय बघतोय."

"वहिदानं बघितलं."

"ती गणिताची. त्यांना दुसरं काम काय असतं!" ते हसले, मग थकून मागं टेकले. "प्रमोदिनी, नीट ऐक. तू तिथं 'नोंद नाही' लिहिलंस की पुढची सगळी आकडेमोड हलते. पाचवं प्रकरण नव्यानं. सहावं तर होणारच नाही. त्यातला पुढच्या वर्षांचा अंदाज रोजच्या सलग नोंदीवर उभा आहे. तुझ्या प्रबंधातलं तेवढंच एक नवं आहे. ते काढलंस तर उरतं काय? एका विहिरीची हकिकत."

"हो, सर."

"आणि परीक्षकानं विचारलं, या बासष्ट दिवशी नोंदी का नाहीत? काय सांगशील? बाई अवस पाळते?"

"तेच सांगेन."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आतून कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "मी सही केलेल्या प्रती आहेत तुझ्याकडं. आतलं पान बदललं की ती सही माझी राहत नाही. नवीन प्रती उद्या पाचच्या आत आण. परवा पहाटे मी मुलीकडं निघतोय." आणि ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी पाठीमागून हाक मारली. "तू हे करू नकोस असं मला म्हणायचं आहे. पण म्हणत नाही. जा."

रिक्षात तिनं डोळे मिटून घेतले. करणं न करणं अजून तिच्या हातात होतं. कपाटातल्या प्रती तशाच बांधायला टाकल्या असत्या तर शुक्रवारी सगळं मिटलं असतं. सेहेचाळिसाव्या वर्षी नवं महाविद्यालय शोधायला लागलं नसतं. कुणाचं नुकसान नव्हतं. तिनं मनाशी हे तीनदा घोळवून पाहिलं. तिन्ही वेळा शेवटाला सारजाबाईचा पदर तोंडाशी गेलेला दिसला. ज्या आकड्यांसाठी ती बाई तापात उठली होती त्यांच्या शेजारी हे बासष्ट बसवायचे, म्हणजे त्या खऱ्या आकड्यांचीही पत घालवायची.

*

गुरुवारी उपास होता. वहिदाला ते ठाऊक होतं, म्हणून डबा न आणता खजुराची पुडी घेऊन आली. "ये तो चलता ना आपको?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुडी उघडून ठेवली.

दोघी विभागाच्या खोलीत सकाळी आठपासून बसल्या. प्रमोदिनी पंचांग बघून तारीख सांगायची, वहिदा तो आकडा पुसायची.

"खाली छोडूं?"

"मोकळं सोड. खाली टीप दे. अमावास्येला स्थानिक प्रथेमुळे नोंद नाही."

"बासष्ट वेळा?"

"एकदाच. पण मोकळ्या जागा बासष्ट."

दुपारी एकला पाचवं प्रकरण नव्यानं उभं राहिलं. निष्कर्ष खरंच फारसे हलले नव्हते. सहाव्या प्रकरणाशी वहिदानं दीड तास झटापट केली आणि मग हात वर केले. "नहीं होता, मॅडम. साखळी तुटतेय. दोन महिने दिले तर दुसऱ्या पद्धतीनं करता येईल."

"काढून टाक."

"पूरा?"

"पूर्ण."

अडतीस पानं गेली. तीन वर्षं त्या पानांत गेली होती. प्रमोदिनीनं एक खजूर तोंडात टाकला, पण चावायलाही जीव नको म्हणत होता. वहिदा उठली आणि छपाईला पानं लावून आली.

पाचला दहा कमी असताना सरांच्या दारात प्रती पोचल्या. त्यांनी उघडून टीप वाचली, बाकी काही वाचलं नाही, आणि चारही ठिकाणी सही केली. "बारीक झाला गं," प्रत हातात तोलत ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी विद्यापीठाच्या खिडकीतल्या माणसानं बांधून आणलेल्या प्रती घेतल्या, शिक्का मारला आणि पोच दिली. तिच्यासाठी एवढं मोठं आणि त्याच्यासाठी एवढंसं काम अर्ध्या मिनिटात झालं. परीक्षक काय म्हणतील, अडतीस पानांवाचून प्रबंध तगेल की माघारी येईल, ते पुढं कळायचं होतं. पोच घेऊन ती महाविद्यालयात आली. बायोडेटाच्या तिसऱ्या रकान्यात "प्रबंध सादर" असं लिहिलं आणि कागद कारभाऱ्याच्या टेबलावर ठेवला.

"झालं ना! बरं झालं बघा. सोमवारी येऊन दोन तारखेची ऑर्डर घ्या माझ्याकडून," कारभारी म्हणाला. मग नेहमीसारखा आवाज उतरवून, "आन मॅडम, उद्या सही नाय. पण दहाचा पेपर हाय, दोन नंबरच्या हॉलला तुमीच..."

"नाही येत."

"आं?"

"उद्या माझ्या सेवेत खंड आहे, कारभारी. तुमच्याच कागदावर आहे."

"तसं नसतंय ओ ते! कागदावर असतंय फक्त."

"मग या वर्षी कागदासारखं होऊ द्या."

त्यानं मान खाजवली. "साहेबाला काय सांगू?"

"मॅडमचा खंड आहे म्हणा."

शनिवारी, एक जूनला, तिनं पूजा केली, मारुतीला तेल वाहून आली आणि सकाळी साडेनऊला अंथरुणावर आडवी झाली. एवढ्या उजेडात ती कधी झोपली नव्हती. झोप लागते न लागते तोच फोन वाजला. प्राचार्य असतील असं वाटून तिनं तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"ताई, दिलं का बाड?" सारजाबाई होती.

"दिलं काल."

"आन अवसंचं काय केलं?"

"मोकळी सोडली. बासष्टच्या बासष्ट."

पलीकडं मोठा निःश्वास ऐकू आला. "लई घोर व्हता ओ जीवाला. पोटात भाकर जाईना." मग जरा थांबून, "आज चाळीस फूट सात इंच हाय."

"सारजाबाई, काम कधीच संपलं. दीड वर्ष झालं. आता मोजायचं नाही."

"ते म्हाईत हाय मला. सकाळी हात वळतोच तिकडं. येत्या गुरुवारी अवस हाय, त्या दिशी तेवढी सुट्टी."

प्रमोदिनीनं उशाशी पडलेल्या पंचांगाच्या कोपऱ्यात चाळीस-सात लिहिलं, फोन बाजूला ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा डोळे मिटले. दहा वाजून गेले होते. दोन नंबरच्या हॉलमधे आज कोण उभं असेल, हा विचार मनात आला, आणि तो पुरा व्हायच्या आत तिला झोप लागली.