पाहुण्याच्या पाठीवरची झूल

मित्रांनो, झूल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जरीची, गोंडे लावलेली झूल उभी राहील. मी तशी नाही. मी एक जुनी, जाडीभरडी झूल आहे. बाहेरून ट्रकवरची ताडपत्री आणि आतून वापरून मऊ झालेले लोकरी ब्लँकेट, असे माझे अंग. पण माझा तोरा विचाराल, तर जरीवाल्या झुलींनी जरा सरकून बसावे!

टाकून दिलेल्या जनावरांना सांभाळणाऱ्या एका आश्रयघरात मी राहते. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. मला शिवले ते ताईंच्या धाकट्या भावाने. गाड्यांच्या सीटा शिवण्याचे त्याचे दुकान आहे.

"घोड्याला कोट?" ताईंनी काम सांगितले तेव्हा तो हसला. "उद्या मफलर आणि कानटोपी मागशील!"

"मागेन की. आधी कोट तर जमू दे तुला," ताई म्हणाल्या.

थंडी तोंडावर आली होती. तबेल्यात सगळ्यांची धांदल उडाली होती. सुका चारा छपराखाली रचला गेला. वारा शिरणाऱ्या फटी बुजवल्या. घोड्यांचे खूर तासून झाले. म्हाताऱ्या घोड्यांना चारा नीट चावता यावा म्हणून डॉक्टरांनी त्यांचे दात कानशीने घासून सारखे केले. बहुतेक घोड्यांच्या अंगावर थंडीचे दाट केस आले होते. त्यांना माझी गरजच नव्हती. गरज होती ती फक्त एकाला.

तो एक करड्या रंगाचा घोडा होता. जन्मभर ओझी वाहिली आणि थकल्यावर मालकाने रस्त्यावर सोडून दिले. त्याच्या बरगड्या लांबूनही दिसत. पाठीवर खोगिराने पडलेल्या जुन्या जखमांचे चट्टे होते, तिथे केस उगवत नव्हते. ताईंनी त्याचे नाव ठेवले पाहुणा. डॉक्टरांनी त्याला तपासले आणि स्पष्टच सांगितले, "अंगावर ना मांस, ना केस. पांघरुणाशिवाय हा थंडी काढायचा नाही."

मी ऐटीत त्याच्याकडे गेले. ताईंनी मला उचलले मात्र, पाहुणा थरथर कापत भिंतीला चिकटला. मी पाठीला टेकताच त्याने अशी उसळी मारली की मी शेणात जाऊन पडले! मला फार वाईट वाटले. पण त्याला काय माहीत मी ऊब आहे ते? पाठीवर काही आले की ते ओझेच, एवढेच त्याने आयुष्यात पाहिले होते.

ताईंनी हट्ट केला नाही. त्यांनी मला धुऊन वाळवले आणि मग स्वतःच अंगावर घेतले. मला पांघरून त्या त्याला चारा घालत, पाणी पाजत, तबेला झाडत. पाहुणा दुरून बघत राही. हळूहळू तो जवळ येऊन माझा वास घेऊ लागला. त्याचा गरम श्वास लागला की माझी लोकर शहारून जाई. तरी पट्टे आवळायची वेळ आली की तो उसळायचाच.

एके दुपारी गार वारा सुटला आणि पाऊस कोसळू लागला. पाहुणा उभ्या उभ्या कुडकुडत होता. ताईंनी भावाला बोलावून घेतले. आल्याबरोबर तो म्हणाला, "माझ्या शिलाईला नाक मुरडतो काय हा? बघू दे मला." तो दाराशी उभा राहून बघू लागला. ताईंनी मला उचलले, माझी बक्कले एकमेकांवर खणकन आपटली आणि पाहुण्याचे कान मागे चिकटले.

"ताई, थांब! तो झुलीला भीत नाहीये. बक्कलांच्या आवाजाला भितोय. ओझं आवळताना असाच आवाज व्हायचा ना!"

ती पितळी बक्कले त्याने मोठ्या हौसेने लावली होती. पण त्याने खिशातून कात्री काढली आणि एकेक बक्कल उसवून टाकले. तिथेच चाऱ्याच्या पेंढीवर बसून त्याने मला कापडी बंद शिवले. मग ताईंनी मला अलगद पाहुण्याच्या पाठीवर पसरले. तो थरथरला, पण हलला नाही. भावाने वाकून बंद बांधले. ताई नुसत्या पाहुण्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होत्या, "नाही रे राजा, ओझं नाही हे. तुझंच आहे."

हळूहळू त्याची थरथर थांबली. त्याच्या अंगाची ऊब मला लागली. तो क्षण आठवला की आजही माझी छाती अभिमानाने फुगते.

पाहुण्याने ती थंडी काढली आणि पुढच्याही कितीतरी. त्याला स्वतःचे दाट केस आले, तशी मी दुसऱ्या अशक्त घोड्यांकडे गेले. पुढे कुणीतरी हलक्या, चकचकीत नायलॉनच्या झुली भेट दिल्या आणि इथल्याच कुणीतरी मला ओलीच गुंडाळून कोठारात टाकले. मला बुरशी लागली. उंदरांनी माझी एक बाजू कुरतडली. हाक मारावी तरी कुणाला?

गेल्या हिवाळ्याआधी कोठार आवरताना मी ताईंच्या भावाच्या हाती लागले. "अरे, ही कुणी फेकली इथे?" तो चिडला. कुजलेला भाग त्याने कापून टाकला. उरलेल्या चांगल्या भागाची नवी झूल शिवली, पण आता ती घोड्याला पुरेना. म्हणून मी मिळाले एका गाढवाला!

खोटे कशाला सांगू, आधी माझे तोंड वाकडे झाले. पण त्या म्हाताऱ्या गाढवाने मला अंगावर घेतले आणि डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला, की माझा नखरा तिथेच संपला.

मित्रांनो, पांघरुणे ओली गुंडाळून ठेवू नका. धुवा, उन्हात वाळवा, फाटले तर शिवा. आणि थंडी पडण्याआधी तुमच्या जवळच्या जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहा. ते घाबरले तर रागावू नका, थोडे थांबा.

आमच्याकडे येणारी मुले कोट घातलेले गाढव पाहून आधी खो खो हसतात. मग हळूच माझ्याखाली हात घालतात आणि ओरडतात, "आई, बघ ना, किती गरम आहे!" गाढव कान ताठ करून उभे राहते. आणि त्याच्याहून ताठ मी!